ट्रॅक्टरला वजन कशाला?

सुट्टीत गावी गेल्यावर आपल्यातले बरेच जण ट्रॅक्टरवर बसतात. पण पुढे लोखंडी वजनं का अडकवतात, मागच्या टायरात पाणी का भरतात, हे मी विचारलं की उत्तर येतं, "कंपनीनेच दिलंय!" खरं उत्तर आपल्या पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्येच आहे.

इंजिन कितीही ताकदीचं असो, चाकाला जमीन धरता आली नाही तर ओढ मिळत नाही. ओढ म्हणजे मागच्या चाकांवरचा भार गुणिले पकडीचा गुणांक. शेतात हा गुणांक ०.४ धरला, तर मागे १०० किलो वाढवल्यावर ओढ साधारण ४० किलोने वाढते. भार कमी पडला की चाक जागच्या जागी फिरतं. डिझेल आणि टायर दोन्ही वाया. थोडी स्लिप मात्र असतेच. शेतात १० ते १५ टक्के ठीक मानतात. टायरवर खडूने खूण करून मोजा. नांगर उचलून दहा फेऱ्यांत ४० मीटर आणि नांगर टाकून ३४ मीटर गेलात, तर स्लिप १५ टक्के.

पाणी भरताना व्हॉल्व्ह वर आणतात आणि टायर तीन-चतुर्थांशच भरतात. पाणी दाबलं जात नाही, म्हणून वर हवेची उशी हवीच. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात, त्याने रिम गंजते. कोकणात साधं पाणी चालतं.

आता पुढची वजनं. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे १.२ मीटरवर ३०० किलोचं अवजार उचललं आणि व्हीलबेस १.८ मीटर असेल, तर पुढचा भार ३०० × १.२ ÷ १.८, म्हणजे २०० किलोने घटतो. स्टिअरिंग हलकं होतं, चढावर तोंड उचलतं. जांभ्याचे चिरे भरलेली ट्रॉली चढवताना हाच धोका. ओढ जितकी उंचावरून, तितका ट्रॅक्टर मागे उलटायला बघतो. म्हणून ट्रॉली नेहमी खालच्या हुकलाच लावावी.

काही ठिकाणी तोंड दाबायला बोनेटवर माणूस बसवतात. हे मी स्वतः पाहिलंय. तो घसरला तर थेट चाकाखाली जातो. वजन लोखंडाचंच हवं.

पण जास्त म्हणजे चांगलं, असंही नाही. भाताच्या चिखलणीत जड ट्रॅक्टर रुततो. तिथे वजनं उतरवून केजव्हील लावतात, म्हणजे भार जास्त जागेवर पसरतो. कोरड्या शेतातही जादा वजनाने माती घट्ट दबते आणि डिझेल वाढतं.

तेव्हा या सुट्टीत मॅन्युअलमधलं वजनाचं पान उघडा, खडू घ्या आणि स्लिप मोजा. घरच्यांनाही दाखवा. आणि बोनेटवर कुणी बसलेलं दिसलं, तर आधी त्याला खाली उतरवा.