सोळा ट्यूनची लायब्ररी आणि तिचं रत्नागिरी कनेक्शन

माहीत आहे का? रत्नागिरीत 1828 साली वाचनालय सुरू झालं, तेव्हा मुंबई विद्यापीठाचा मागमूसही नव्हता! विद्यापीठ जन्मलं 18 जुलै 1857 ला. म्हणजे आपलं नगर वाचनालय विद्यापीठापेक्षा तब्बल 29 वर्षांनी थोरलं. राज्यातलं सर्वांत जुनं ग्रंथालय म्हणून त्याचं नाव घेतात आणि 2028 मध्ये ते दोनशे पूर्ण करणार आहे. डबल सेंच्युरी, तीही नाबाद!

पण आज गाडी पकडायची मुंबईची. थेट फोर्ट, राजाबाई टॉवर. कारण त्या टॉवरला बिलगून उभी असलेली विद्यापीठाची लायब्ररी जितकी चर्चगेटची, तितकीच रत्नागिरीची. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर कॉलेजमधून बीए, बीएस्सी, बीकॉम झालात? मग डिग्रीवर नाव कुणाचं आहे बघा. मुंबई विद्यापीठाची हद्द पार सिंधुदुर्गापर्यंत जाते आणि रत्नागिरीत तर त्याचं उपकेंद्रच आहे.

आता पैशांची गोष्ट. प्रेमचंद रायचंद, मुंबईच्या कापूसबाजाराचा आणि शेअरबाजाराचा तेव्हाचा सुपरस्टार. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत 1864 साली या शेठजींनी लायब्ररीसाठी 2 लाख रुपये दिले, पाठोपाठ टॉवरसाठी आणखी 2 लाख. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंदही कोसळले. पण दान टिकलं! आधी दिलं म्हणून राहिलं. बाजारात कमावलेलं बाजारानेच नेलं, पुस्तकांना दिलेलं मात्र आजही 280 फूट उंच उभं आहे.

टॉवरला नाव आईचं, राजाबाईंचं. एक गोष्ट फार आवडीने सांगितली जाते: आईंना दिसत नव्हतं, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं, तर टोले ऐकून त्यांना वेळ कळावी म्हणून हे घड्याळ. दंतकथा असेल, पण गोड आहे.

आणि माहीत आहे का, ज्याने ही इमारत डिझाइन केली त्याने ती कधी पाहिलीच नाही? सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरचं ते भव्य हॉटेलही त्याचंच. त्याने लंडनमध्ये बसून नकाशे काढले आणि जहाजाने धाडून दिले. हिंदुस्थानात तो एकदाही आला नाही. वर्क फ्रॉम होमचा हा अस्सल व्हिक्टोरियन नमुना! पायाभरणी 1 मार्च 1869 ची, टॉवर पूर्ण झाला नोव्हेंबर 1878 मध्ये. आणि स्कॉट वारला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. फक्त आठ महिन्यांनी चुकामूक.

मान वर करा, अजून वर. टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची माणसं दगडात उभी आहेत, 24 पुतळे! त्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. हे पेशाने शिल्पकार नव्हते बरं का, कामावर देखरेख करणारे असिस्टंट इंजिनीअर होते. साहेबाच्या गॉथिक मनोऱ्यावर आपल्या मातीतली माणसं चढवली ती आपल्याच माणसाने. मला विचाराल तर या इमारतीतली सर्वांत भारी गोष्ट हीच. स्कॉटचं नाव सगळ्या गाइडबुकांत आहे, मुकुंदरावांचंही तितक्याच मोठ्या अक्षरांत हवं.

ट्यून ऑन! इंग्रजांच्या काळात हे घड्याळ एकूण 16 धून वाजवायचं आणि दिवसातून चारदा धून बदलायचं. 'गॉड सेव्ह द किंग', 'रूल ब्रिटानिया', 'होम स्वीट होम', शिवाय हँडेलची एक रचना. खाली वाचनात गढलेले विद्यार्थी, वर फुल प्लेलिस्ट. आता एकच धून उरली आहे, दर पंधरा मिनिटांनी.

1877 साली एक रत्नागिरीकर तरुण याच विद्यापीठाचा बीए झाला. गणितात फर्स्ट क्लास! टॉवर तेव्हा अर्धवट होता, लायब्ररी उघडायला अजून तीन वर्षं होती. ओळखलंत? बाळ गंगाधर टिळक.

लायब्ररी वाचकांसाठी उघडली 1880 मध्ये. त्याच वर्षी चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम भागात एक बाळ जन्मलं. पांडुरंग वामन काणे! दापोलीच्या शाळेत शिकलेला हा मुलगा 1947 मध्ये मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास म्हणजे रिसर्चमधला एव्हरेस्ट: पाच खंड, सुमारे साडेसहा हजार पानं, पहिला खंड 1930 चा आणि शेवटचा 1962 चा. पुढच्याच वर्षी, 1963 ला, भारतरत्न. कंप्युटर नाही, सर्च बॉक्स नाही. नुसती पोथी, पेन्सिल आणि चिकाटी. एवढं काम एका माणसाने केलं, यावर विश्वास बसायला त्या खंडांचं वजन एकदा हातात घेऊन बघावं.

पोथ्यांवरून आठवलं. विद्यापीठाच्या या संग्रहात संस्कृत-प्राकृत हस्तलिखितं आहेत, अरबी-फारसी-उर्दू हस्तलिखितंही आहेत आणि दोन्हींचे वर्णनात्मक कॅटलॉग छापलेले आहेत. हस्तलिखितांचा शत्रू नंबर एक कोण? दमट हवा आणि कसर. कोकणातल्या माणसाला हे सांगायलाच नको, जुलैत आपल्या कपाटातल्या पुस्तकांचा वास घ्या! म्हणून जतनाच्या कामात कसर ठेवून चालत नाही, दोन्ही अर्थांनी.

जाता जाता एक नंबर लिहून घ्या: 891.46. हा मराठी साहित्याचा ड्यूई क्रमांक. मेल्विल ड्यूईची ही दशांश पद्धत 1876 ची. कॉलेजच्या रॅकवर हा नंबर दिसला की समजा, आपल्या गल्लीत आलात.

आणि ड्यूईला टक्कर देणारा आपला माणूस? एस. आर. रंगनाथन. मूळचे गणिताचे प्राध्यापक. लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात त्यांनी मेकॅनोच्या खेळण्याचं प्रात्यक्षिक पाहिलं. त्याच त्या पट्ट्या आणि नटबोल्ट, पण दर वेळी नवं खेळणं! डोक्यात ट्यूब पेटली: पुस्तकांचे विषयही असेच सुटे भाग जोडून मांडता येतील. त्यातून 1933 मध्ये कोलन वर्गीकरण छापून आलं. खेळण्यातून शास्त्र! त्यांचा 12 ऑगस्ट हा वाढदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आपल्या ग्रंथपालांना शुभेच्छा द्या, बिनधास्त.

2018 मध्ये फोर्टचा हा सगळा गॉथिक परिसर, मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पण ही लायब्ररी नुसता फोटो पॉइंट नाही, ती कामाची जागा आहे.

आता खास तुमच्या फोनसाठी. पूर्वी पीएचडीचा प्रबंध वाचायचा तर रात्रीची गाडी धरा, मुंबई गाठा, ओळखपत्र दाखवा, जाडजूड बाइंडिंगची प्रत टेबलावर मिळेल, तिथेच बसून नोट्स काढा. आज? शोधगंगा! गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवत असलेला हा प्रबंधांचा साठा देशभरच्या विद्यापीठांनी भरलाय. कुणालाही खुला, फुकट, लॉगिनची कटकट नाही.

महागड्या जर्नल्सचं काय? तिथेही धमाका. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेला केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 ला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 ई-जर्नल्स आणि सरकारी उच्च शिक्षणसंस्थांमधले सुमारे पावणेदोन कोटी विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. सरकारी विद्यापीठात शिकत असाल तर तुमच्या ग्रंथपालांना आजच विचारा, आपलं लॉगिन कसं मिळेल?

आणि तोवर शोधगंगेत आंबा, मासेमारी, दशावतार, जांभा दगड, काय हवं ते टाका. आपल्या गावावर कुणीतरी चारशे पानं लिहून ठेवली असण्याची शक्यता बरीच आहे!