प्रवासी ट्रेलर

प्रवासी ट्रेलर : मोटारगाडीच्या मागे जोडून नेण्याची, स्वतःचे एंजिन नसलेली व राहण्याची सोय असलेली चाकांवरील खोली. ब्रिटनमध्ये हिला कॅरॅव्हॅन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत एका आसाचा लहान ट्रेलर ओढणाऱ्या गाडीस अनुरूप कसा निवडावा, याचे विवेचन केले आहे.

हौशी प्रवासासाठी बांधलेल्या अशा वाहनांत गॉर्डन स्टेबल्स यांची ‘वाँडरर’ ही सु. २ टन वजनाची घोडागाडी (१८८५) आद्य मानली जाते. मोटारीने ओढावयाच्या कॅरॅव्हॅनचे उत्पादन ब्रिटनमध्ये एकल्स या कंपनीने १९१९ च्या सुमारास सुरू केले. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात वॉली बायम यांच्या ‘एअरस्ट्रीम’ ट्रेलरांमुळे या वाहनाचा प्रसार झाला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले.

वजनाचे प्रकार : ट्रेलर कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हाचे त्याचे वजन हे रिकामे वजन होय. विक्रीपत्रकात ठळकपणे छापलेला आकडा बहुधा हाच असतो. परंतु रस्त्यावर ओढावे लागते ते भरलेले वजन. पाण्याच्या टाकीतील प्रत्येक लिटरमागे १ किग्रॅ. भर पडते, शिवाय गॅसचे सिलिंडर, बॅटरी, चांदवा, भांडी, अंथरुणे व शिधा यांचेही वजन असते. ट्रेलरवर लावलेल्या पट्टीवर त्याचे कमाल अनुज्ञेय वजन दिलेले असते. निवड करताना रिकामे वजन नव्हे, तर हे कमाल वजन हिशेबात धरणे सुरक्षित ठरते.

ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या जोडगोळ्यावर जेवढा भार टाकतो, त्यास जोडभार म्हणता येईल. अमेरिकेत तो भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे ५ ते ७ टक्के पुरेसा मानतात. गाडीच्या निर्मात्याने ठरविलेली जोडभाराची मर्यादा मात्र कोठेही ओलांडता येत नाही.

निर्णायक मर्यादा : गाडीची ओढक्षमता ट्रेलरच्या वजनाहून अधिक असली की जोडी जमली, असा समज सर्वत्र आढळतो, तो अपुरा आहे. ओढक्षमता, जोडभार, गाडीची भारक्षमता, मागील आसावरील भार आणि गाडी व ट्रेलर यांचे एकत्रित वजन या सर्व स्वतंत्र मर्यादा आहेत. त्यांपैकी जी सर्वांत आधी गाठली जाते, तीच निवड ठरविते.

उदाहरणार्थ, एका गाडीची ओढक्षमता १,५०० किग्रॅ. व भारक्षमता ४५० किग्रॅ. आहे, असे समजू. ट्रेलरचे रिकामे वजन १,०५० किग्रॅ.; त्यात ८० लिटर पाणी आणि १७० किग्रॅ. इतर साहित्य भरल्यावर ते १,३०० किग्रॅ. होते. ओढक्षमतेच्या दृष्टीने २०० किग्रॅ. शिल्लक दिसतात. परंतु गाडीत २८० किग्रॅ. वजनाची चार माणसे व ६० किग्रॅ. सामान असेल, तर भारक्षमतेपैकी केवळ ११० किग्रॅ. उरतात, आणि १० टक्के दराने जोडभार १३० किग्रॅ. होतो. म्हणजेच हा ट्रेलर त्या कुटुंबासाठी जड आहे. भरलेले वजन १,००० किग्रॅ. च्या आसपास असणारा ट्रेलर येथे योग्य ठरेल.

अशा वेळी ट्रेलरमधील सामान मागे सरकवून जोडभार कमी करण्याचा मोह होतो. तो धोक्याचा आहे.

स्थैर्य : बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते व जू वर उचलले जाते. ट्रेलरच्या बाबतीत हा दोष वेगामुळे अधिक घातक होतो. जोडभार कमी पडल्यास वाऱ्याच्या झोताने किंवा जवळून गेलेल्या ट्रकमुळे ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो. कमी वेगात हे झोके आपोआप शमतात. परंतु एका विशिष्ट वेगापलीकडे प्रत्येक झोका आधीच्या झोक्याहून मोठा होत जातो व गाडीसह ट्रेलर उलटू शकतो. जड वस्तू ट्रेलरच्या दोन्ही टोकांना ठेवल्यास, जोडभार योग्य असूनही, झुलणे आवरणे कठीण जाते. म्हणून जड सामान आसाजवळ व तळाशी ठेवतात. झुलणे सुरू झाल्यास चाक सरळ धरून प्रवेगकावरील पाय काढावा. वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. जर्मनीत ट्रेलर ओढणाऱ्या मोटारींस सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० किमी. आहे. ब्रिटनमध्ये नवशिक्या चालकाने ट्रेलरचे वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा अधिक ठेवू नये, असा संकेत आहे.

ब्रेक व शक्ती : वेग दुप्पट झाल्यास गतिज ऊर्जा चौपट होते व ती सर्व ब्रेकांना शोषावी लागते. यामुळे युरोपात ७५० किग्रॅ. हून अधिक अनुज्ञेय वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. तेथे ट्रेलर गाडीवर रेटला जाताच आपोआप लागणारे ब्रेक रूढ आहेत, तर अमेरिकेत विजेवर चालणारे ब्रेक अधिक वापरतात. हवेचा रोधही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून समान वजनाच्या दोन ट्रेलरांपैकी ठेंगणा व अरुंद ट्रेलर लहान गाडीस सोयीचा असतो. विद्युत् मोटारीने ट्रेलर ओढल्यास एका भारणात कापता येणारे अंतर बरेच घटते.

पडताळणी : खरेदीपूर्वी गाडीची माहितीपुस्तिका व दोन्ही वाहनांवरील पट्ट्या पाहून सर्व मर्यादा मांडाव्यात. पहिल्या प्रवासापूर्वी माणसे व सामान यांसह गाडी आणि ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक आसावरील भार मोजून घ्यावा. जोडभार वेगळ्या काट्याने मोजता येतो. मोजलेला कोणताही आकडा मर्यादेबाहेर असल्यास सामान कमी करावे अथवा लहान ट्रेलर निवडावा. भक्कम जोडणी किंवा जाड स्प्रिंगा बसविल्याने निर्मात्याने ठरविलेली मर्यादा वाढत नाही.