हरळी की प्लास्टिक? मुळशीच्या मैदानांचा हिशेब

हिंजवडीतली ऑफिसं सुटायला लागली की मोबाइलवर एकच प्रश्न फिरू लागतो: ‘टर्फ मिळालं का?’ भूगाव, पिरंगुट, माण, हिंजवडी या पट्ट्यात उंच जाळ्या आणि प्रखर दिवे लावलेली, कृत्रिम गवताची भाड्याची मैदानं गेल्या काही वर्षांत जागोजागी उभी राहिली. तासाचे पैसे भरायचे आणि खेळायचं. बाहेर धो धो पाऊस असला तरी पायाला चिखल लागत नाही. मुळशीसारख्या तालुक्यात ही सोय मोठीच म्हणायची.

मात्र या परिसरातले फुटबॉलचे सर्वांत मोठे सामने गवतावरच झाले. म्हाळुंगे हे मूळचं मुळशी तालुक्यातलं गाव. तिथलं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं गेलं. २०२२ साली महिलांच्या आशियाई चषकाचे सामने याच मैदानावर झाले. दक्षिण कोरियानं बलाढ्य ऑस्ट्रेलियाला इथेच १-० असं हरवलं आणि चीननं जपानला पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर काढलं.

भारतात फुटबॉलसाठी जे गवत सर्रास लावतात, ते मुळशीच्या शेतकऱ्याला चांगलंच माहीत आहे. जगभर ‘बर्म्युडा’ म्हणून विकली जाणारी सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. शेतात शिरली की ती हटता हटत नाही. तिची एक काडी उपटून पाहिली तर कारण कळतं. जमिनीवर सरपटणाऱ्या खोडाला थोड्या थोड्या अंतरावर पेरं असतात आणि प्रत्येक पेरातून खाली मूळ, वर पान फुटतं. मातीच्या आतही असंच एक खोड पसरत असतं. बुटाच्या स्टडनं वरचा भाग फाटला तरी खालून नवा फुटवा येतो. शेतकऱ्याला नकोसा होणारा हा चिवटपणाच मैदानाला हवा असतो.

हरळीला दोन गोष्टी सोसत नाहीत, सावली आणि साचलेलं पाणी. मुळशीत जून ते सप्टेंबर या दोन्हींचा मुक्काम असतो. ताम्हिणीत जुलै २०२४मध्ये एकाच दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. तेवढा सोडा, नुसता शंभर मिलिमीटर पाऊस धरला तरी १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर सात लाख चौदा हजार लिटर पाणी पडतं. इथली भातखाचराची माती पाणी धरून ठेवण्यासाठीच चिखलणी करून घट्ट केलेली असते. खेळाच्या मैदानाला नेमकं उलट हवं: वर फूटभर वाळूचा थर, त्याखाली खडी आणि त्यात भोकांचे पाइप. हे न करता खाचर सपाट करून गवत लावलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि ढगांमुळे पुरेसं ऊनही मिळत नाही. अशात दोन सामने खेळले की गोलपोस्टसमोर नुसता राडा उरतो. उत्तम निगा राखलेलं गवतही आठवड्याला साधारण वीस तासांपेक्षा जास्त खेळ सोसत नाही. टर्फवर सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळता येतं. टर्फवाल्यांचं सगळं गणित या फरकावर उभं आहे.

आजचं टर्फ म्हणजे पन्नास-साठ मिलिमीटर उंचीच्या पॉलिथिलीनच्या पाती. त्या उभ्या राहाव्यात म्हणून मध्ये वाळू आणि जुन्या टायरांचा काळा चुरा भरतात. १९६६ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या बंदिस्त ॲस्ट्रोडोममध्ये अंथरलेल्या नायलॉनच्या टर्फपेक्षा हे कितीतरी मऊ आहे. खेळून घरी आलेल्या पोरांच्या मोज्यांतून फरशीवर सांडतो, तो हाच चुरा.

खरी पंचाईत उन्हाळ्यात होते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली झालेल्या मोजणीत कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग सरासरी ४७ अंश सेल्सिअस, तर शेजारचं गवत २६ अंशांवर होतं. सर्वांत तापलेल्या घटकेला प्लास्टिक ९३ अंशांपर्यंत पोहोचलं. पाणी मारल्यावर ते निवलं खरं, पण पाच मिनिटांत पुन्हा ४९ अंशांवर गेलं. गवत थंड राहतं ते बाष्पोत्सर्जनामुळे. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी हवेत सोडणारं पूर्ण आकाराचं मैदान जवळपास ३६ हजार लिटर पाण्याची वाफ करतं आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते. प्लास्टिककडे असा मार्गच नाही. एप्रिलच्या दुपारी लहान मुलांचं शिबिर टर्फवर घेणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

अर्थात ३६ हजार लिटर पाणी आणायचं कुठून? धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण मुळशीतल्या वाड्यांना मे महिन्यात नवी नाही. पिण्याचं पाणी मैदानावर ओतणं कुणालाही पटणार नाही. पण हिंजवडी-माणच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प आहेत. हरळी थोडं खारट पाणीही सहज सोसते, त्यामुळे तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी तिला चालतं.

दुखापतींबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच बोललं जातं. यान एकस्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या युरोपीय क्लबांच्या अभ्यासात एकूण दुखापतींमध्ये फारसा फरक आढळला नाही. घोटा मुरगळण्याचं प्रमाण मात्र कृत्रिम मैदानावर जास्त निघालं. खेळाडूंचा कौल स्पष्ट आहे. कॅनडातला २०१५चा महिला विश्वचषक संपूर्ण कृत्रिम मैदानांवर ठेवला, तेव्हा अमेरिकेच्या ॲबी वॉम्बाकसह अनेक खेळाडूंनी कायदेशीर तक्रार केली होती. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमनंही २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाआधी टर्फ काढून हरळीचीच एक जात लावली.

शाळेच्या आणि गावाच्या मैदानावर गवतच असावं. पावसाचे तीन महिने ते बंद ठेवावं लागलं तरी चालेल. रात्री तासावर खेळणाऱ्या मोठ्यांसाठी टर्फ असायला हरकत नाही, पण त्यातल्या चुऱ्याचा बंदोबस्त हवा. युरोपीय संघाच्या अंदाजाप्रमाणे तिथल्या मैदानांतून वर्षाला १६ हजार टनांपर्यंत चुरा निसटतो. म्हणूनच २०२३च्या नियमानं असा चुरा विकण्यावर ऑक्टोबर २०३१पासून बंदी घातली आहे. आपल्याकडे रामनदी खाटपेवाडीला उगम पावते आणि भुकूम, भूगाव, बावधनवरून मुळा नदीला मिळते. तिच्या काठच्या मैदानातून वाहून जाणारा चुरा थेट पुण्यात पोहोचतो. युरोपात पर्याय म्हणून वापरतात ते बुचाचे दाणे हलके असतात आणि मोठ्या पावसात तरंगून वाहून जातात. त्यामुळे मुळशीत तो उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाही. इथे मैदानाभोवती वीतभर उंचीचा कठडा आणि पाणी बाहेर पडतं तिथे बारीक जाळी, एवढं काम जूनच्या आधी करून घ्यायला हवं. मैदानाच्या एकूण खर्चात ते फार महागही पडत नाही.