ताटातले तेल, परक्या मुलखातली जमीन

2022 च्या दिवाळीत महाराष्ट्रात रेशन दुकानांतून ‘आनंदाचा शिधा’ वाटला गेला. 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. डाळ आणि साखर आपल्या शिवारांत पिकते. पामतेल मात्र जवळजवळ सगळे समुद्रापलीकडून येते. फरसाण, बिस्किटे, वनस्पती तूप, साबण अशा कितीतरी रोजच्या वस्तूंत ते असते.

भारत दरवर्षी साधारण दीड कोटी टन खाद्यतेल आयात करतो. देशाच्या गरजेचा निम्म्याहून जास्त हिस्सा असा बाहेरून भागतो. तेल असो, पेंड असो, लाकूड असो की रबर, या मालासोबत जमिनीचा वापरही सीमा ओलांडतो. पीक एका देशात खपते आणि त्यासाठी मोकळी केलेली जमीन दुसऱ्या देशात राहते. या व्यवहाराबद्दल बरेच समज रूढ आहेत. त्यांपैकी काही अर्धवट खरे आहेत, तर काही साफ चुकीचे.

गैरसमज 1 : जंगल तिकडे तुटते, तो त्यांचा प्रश्न.

वस्तुस्थिती : तो आपल्या मागणीचाही प्रश्न आहे. 1986 मध्ये तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात स्वयंपूर्णतेच्या जवळ पोहोचला होता. 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, पुढे आयातशुल्क उतरत गेले आणि स्वस्त तेलाने बाजार व्यापला. 2023-24 मध्ये एकटे पामतेलच आपण 90 लाख टनांच्या आसपास आणले. पामतेल देणाऱ्या तेलताडाच्या एका हेक्टरमधून सरासरी साडेतीन टन तेल निघते असे धरले, तर एवढ्या तेलासाठी सुमारे 25 लाख हेक्टर जमीन लागते. महाराष्ट्रात सोयाबीनखाली जेवढे क्षेत्र असते, त्याच्या निम्मी ही जमीन झाली. ती आपण परदेशात वापरतो, पण आपल्या कोणत्याच सातबाऱ्यावर तिची नोंद नाही.

जगातले 80 टक्क्यांहून अधिक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोन देश पुरवतात. सुमात्रा आणि कालिमंतानमध्ये लागवडीचा काही भाग दलदलीच्या जंगलांवर पसरला. तिथली माती म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली साचलेला, पूर्ण न कुजलेला पालापाचोळा. लागवडीसाठी चर खणून पाणी काढले की हा थर वाळतो आणि पेटला की आठवडेच्या आठवडे धुमसतो. 2015 मध्ये इंडोनेशियात 26 लाख हेक्टर क्षेत्र जळाले. त्या धुराने सिंगापूर आणि मलेशियापर्यंतची हवा कोंडली. जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज 16 अब्ज डॉलर बांधला. जळालेले सगळेच क्षेत्र तेलताडाचे नव्हते, पण निचरा करून वाळवलेली जमीन हे त्या वणव्याचे मोठे कारण होते.

गैरसमज 2 : पामतेल वाईट. दुसरे तेल वापरले की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : सर्व तेलपिकांत कमीत कमी जमिनीत जास्तीत जास्त तेल देणारे पीक तेलताडच आहे. हेक्टरी साधारण साडेतीन टन तेल तो देतो. सूर्यफूल आणि मोहरी पाऊण टनाच्या आसपास थांबतात, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. सोयाबीनची पेंडही उपयोगी असते हे खरे, पण नुसत्या तेलाचा हिशेब केला तर पामतेलाच्या जागी सोयातेल घेण्यासाठी कितीतरी पट जमीन लागेल. ती जमीन ब्राझील आणि अर्जेंटिनात मोकळी होईल. शिवाय इंडोनेशियातली सुमारे 40 टक्के लागवड छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. सरसकट बहिष्काराचा फटका त्यांना बसेल. म्हणून विचारायचे ते हे : झाड कुठे लावले, आणि त्या जागी आधी काय होते?

गैरसमज 3 : एखाद्या देशात जंगल वाढू लागले, म्हणजे तिथले नुकसान थांबले.

वस्तुस्थिती : ते कधीकधी शेजारच्या देशात गेलेले असते. व्हिएतनाम हे याचे सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण. नव्वदच्या दशकात तिथे जंगलतोडीवर कडक बंधने आली, डोंगरउतारांवर झाडे पुन्हा वाढली आणि जगभर त्याचे कौतुक झाले. त्याच काळात तिथला फर्निचरचा निर्यातउद्योग फोफावला. त्यासाठी लागणारे लाकूड बाहेरून, मुख्यतः लाओस आणि कंबोडिया या शेजारी देशांतून येऊ लागले. पॅट्रिक मेफ्रॉइट आणि एरिक लँबिन या संशोधकांनी 2009 मध्ये याचा हिशेब मांडला. 1987 ते 2006 या काळात व्हिएतनाममध्ये जेवढे जंगल परत वाढले, त्याच्या सुमारे 39 टक्क्यांएवढा भार इतर देशांच्या जंगलांवर सरकला होता. आयात लाकडातले निम्मे बेकायदा तोडीचे होते.

चीनमध्येही हेच घडले. 1998 मध्ये यांगत्से नदीला महापूर आला. वरच्या खोऱ्यातली उघडी पडलेली डोंगरजमीन हे त्याचे एक कारण मानले गेले आणि नैसर्गिक जंगलांतल्या तोडीवर बंदी आली. देशातली जंगले सावरली, पण कारखान्यांची लाकडाची भूक कमी झाली नव्हती. रशिया, म्यानमार, पापुआ न्यू गिनी आणि आफ्रिकेतून येणारे ओंडके वाढत गेले.

याचा अर्थ अशी बंदी निरुपयोगी असते असा नाही. व्हिएतनाममध्ये वाढलेले जंगल खरेच वाढले आहे. पण देशाच्या नकाशावर हिरवा रंग वाढला म्हणजे पृथ्वीवरही तेवढाच वाढला, असे मानता येत नाही.

गैरसमज 4 : एका प्रदेशाला संरक्षण दिले की पीक पसरायचे थांबते.

वस्तुस्थिती : पीक कायद्याची कमजोर बाजू शोधते. 2006 मध्ये ॲमेझॉनमध्ये नव्याने तोडलेल्या जंगलावरचे सोयाबीन विकत घ्यायचे नाही, असा करार बड्या व्यापारी कंपन्यांनी केला. तो बऱ्याच अंशी यशस्वी झाला. सोयाबीनसाठी तिथे होणारी थेट तोड झपाट्याने घटली. पण चीनकडून येणारी पशुखाद्याची मागणी वाढतच होती. त्यातला मोठा वाटा दक्षिणेकडच्या सेराडो या गवताळ, झुडपी प्रदेशाने उचलला. ब्राझीलच्या कायद्यानुसार ॲमेझॉनच्या जंगलात जमीनमालकाला 80 टक्के क्षेत्र नैसर्गिक ठेवावे लागते, सेराडोच्या बहुतेक भागात फक्त 20 टक्के. दिसायला साधे माळरान वाटणाऱ्या सेराडोत ब्राझीलच्या अनेक मोठ्या नद्या उगम पावतात आणि तिथली जवळपास निम्मी मूळ वनस्पती आता उरलेली नाही.

दुसरी वाट आडून जाते. सोयाबीन जुन्या कुरणांवर येते, तिथला गुरांचा धंदा पुढे सरकतो आणि नवे कुरण जंगल तोडून तयार होते. सोयाबीनच्या हिशेबात ही तोड दिसतच नाही.

गैरसमज 5 : लाकूड आणि वनस्पती तेल जाळले तर हवामानाचे नुकसान होत नाही.

वस्तुस्थिती : नुकसान दुसऱ्याच्या खात्यात लिहिले जाते. ब्रिटनमधले ड्रॅक्स वीजकेंद्र पूर्वी कोळशावर चालायचे. आता ते लाकडाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालते. या गोळ्यांचा मोठा भाग अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतून येतो. आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीनुसार चिमणीतून निघणारा हा कार्बन वीजक्षेत्रात शून्य धरतात, कारण झाड तोडले त्या देशाच्या जमिनीच्या खात्यात तो मोजला जाईल, असे गृहीत आहे. पण तोडणाऱ्या देशावर उत्सर्जन कमी करण्याचे बंधन नसेल, तर तो कार्बन कोणालाच नडत नाही. अमेरिकेने तर असे बंधन घालणाऱ्या क्योटो कराराला मान्यताच दिली नव्हती. तोडलेले झाड पुन्हा तेवढे व्हायला अनेक दशके लागतात, ही गोष्ट वेगळीच.

युरोपीय महासंघाने 2009 मध्ये वाहतुकीच्या इंधनात 2020 पर्यंत 10 टक्के वाटा अक्षय स्रोतांचा असावा, असे ठरवले. युरोपातले मोहरीवर्गीय तेल डिझेलकडे वळले, खाद्य उद्योगाची उणीव आयात तेलाने भरून काढली आणि पामतेल थेट इंधनातही गेले. ही चूक नंतर मान्य झाली. आता जंगलतोडीचा धोका जास्त असलेल्या पिकांचे इंधन 2030 पर्यंत शून्यावर आणायचे आहे.

गैरसमज 6 : जंगलतोडीचे मूळ निर्यातीत आहे. व्यापार बंद केला की जंगल वाचेल.

वस्तुस्थिती : 2010 ते 2014 या काळाच्या एका मोठ्या अभ्यासात उष्ण कटिबंधातल्या जंगलतोडीमुळे होणाऱ्या उत्सर्जनापैकी 29 ते 39 टक्के वाटा आंतरराष्ट्रीय व्यापाराचा आढळला. उरलेला मोठा वाटा त्या त्या देशांच्या स्वतःच्या गरजांचा होता. ब्राझीलचे बहुतांश गोमांस ब्राझीलमध्येच खपते. शिवाय जिथे पीक जोमाने येते तिथून ते घेतले तर एकूण जमीन कमीही लागू शकते. व्यापार जमीन वाचवतो की उधळतो, हे मालाच्या उगमाची चौकशी होते की नाही, यावर ठरते.

गैरसमज 7 : देशातच पिकवले की सगळे ठीक.

वस्तुस्थिती : कुठे पिकवतो, यावर ते अवलंबून आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने 11,040 कोटी रुपयांचे तेलताड अभियान जाहीर केले. त्याचा भर ईशान्य भारत आणि अंदमानवर आहे, म्हणजे देशातल्या सर्वांत समृद्ध जंगलांच्या शेजारी. तिथे काळजी घेतली नाही तर इंडोनेशियाची चूक आपण घरात करू.

दुसरीकडे मराठवाडा आणि सोलापूरच्या कोरडवाहू रानात, जिथे एकही झाड तोडावे लागणार नाही, तिथली करडई आणि जवस मागे पडली आहेत. करडईची मुळे खोल जातात, ओलाव्यावर रब्बीत ती तग धरते. काट्यांमुळे काढणीला मजूर कचरतात, म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाणही दिले. कमी पडतो तो भाव. सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरचे आयातशुल्क वाढवूनही त्या हंगामात सोयाबीनसुद्धा 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले, आणि मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क पुन्हा उतरवले. असे धोरण असेल तर शेतकरी तेलबियांवर विश्वास का ठेवील?

मग करायचे काय?

युरोपने जंगल तोडून पिकवलेला माल घ्यायचा नाही, असा कायदा 2023 मध्ये केला, पण त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली जात आहे. तो लागू झाला तरी एक धोका आहे. स्वच्छ माल युरोपकडे जाईल आणि उरलेला, जिथे कोणी विचारत नाही तिथे. जगातला सर्वांत मोठा खाद्यतेल आयातदार असलेल्या भारताने विचारायला सुरुवात केली नाही, तर तो माल आपल्या बंदरांत उतरेल. रेशनसाठी तेल घेणाऱ्या सरकारने आणि बिस्किटे बनवणाऱ्या कंपन्यांनी तेल कुठल्या मळ्यातून आले, हे सांगायला हवे. कोरडवाहू तेलबियांना टिकाऊ भाव द्यायला हवा.

आणि आपण तेल कमी खायला हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार माणशी वर्षाला 12 किलो तेल पुरते. आपण सरासरी 19 किलोच्या पुढे गेलो आहोत. तेल बदलले तर भार दुसऱ्या पिकावर जातो, देश बदलला तर दुसऱ्या जंगलावर. तेल कमी केले तर तो कोणावरच जात नाही. हा उपाय प्रत्येक घराच्या हातात आहे. तो आजच सुरू करा.