पॉलिमर क्ले : शौक, हुनर आणि हिशेब

कपड्याच्या धंद्यात बटण ही सर्वांत लहान चीज. पण कुर्त्याचे एक बटण तुटले की गिऱ्हाईक बटणाला नव्हे, दुकानदाराला बोल लावते. हा धडा आम्हाला पॉलिमर क्लेच्या बटणांनी शिकवला. आपल्या मोहल्ल्यांतील मुली व भगिनी शौक म्हणून या क्लेचे झुमके, बटणे, दुपट्ट्याचे लटकन बनवतात. त्यांच्यासाठी आणि त्यांचा माल घेणाऱ्या व्यापारी बंधूंसाठी चार गोष्टी येथे मांडत आहोत.

ही माती नव्हेच

नावात क्ले असले तरी यात कुंभाराची माती नसते. पीव्हीसी प्लास्टिकची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य आणि रंग यांचे हे कणकेसारखे मिश्रण असते. ते हवेत वाळत नाही, भट्टीत पक्के होते. जर्मनीतील नामांकित बाहुलीकार केटे क्रूझ यांच्या कन्या फिफी रेबिंडर यांनी असे मिश्रण तयार केले होते. १९६४ साली ते एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेले आणि पुढे 'फिमो' नावाने जगभर पोहोचले. अमेरिकेचा 'स्कल्पी' हा दुसरा प्रसिद्ध छाप.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट व अब्दुल रहमान स्ट्रीट परिसरातील हस्तकला-साहित्याच्या दुकानांत चौकशी करावी. हवेत वाळणारी किंवा दोन भाग मिसळून वापरायची क्ले हा वेगळा माल आहे, म्हणून पाकीट वाचून घ्यावे. पाकीट दाबूनही पाहावे. उन्हात पडलेला माल कडक होतो व चुरा होतो.

या कामातील खरा हुनर 'केन'चा. रंगीत पट्ट्या व वळ्या जुळवून एक जाड कांडी करतात. ती दाबून, ताणून बारीक केली तरी आतले फूल तसेच राहते, फक्त लहान होते. मग चकत्या कापाव्यात; प्रत्येक चकतीवर तेच फूल. इटलीच्या मुरानो काचकामातील ही जुनी रीत आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर हे छापील कापड नव्हे, रंगीत सुताचे विणलेले कापड. रंग आरपार असतो. सजीवांच्या आकृती टाळूनही वेल, बुट्टी, जाळी यांत काम करायला केवढी तरी जागा आहे.

भट्टीचा धडा

शेजारच्या एका मुलीकडून आम्ही ५० बटणे घेतली व कुर्त्यांना लावली. महिनाभरात तक्रारी आल्या. बटणे छिद्रापाशी तुटत होती. चौकशी केली तेव्हा कळले की जळण्याच्या भीतीने तिने ती लवकर बाहेर काढली होती. बहुतेक क्लेला ११० ते १३० अंश सेल्सिअस उष्णता लागते. वेळ पाकिटावर लिहिलेली असते व ती जाडीप्रमाणे वाढते. ओव्हनच्या चकतीवरील आकड्यावर विसंबू नये, आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. नीट भाजलेला पातळ तुकडा किंचित वाकतो, कच्चा तुकडा पटकन मोडतो.

मात्र उष्णता फार वाढून क्ले जळली तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा झोंबणारा धूर निघतो. खिडकी उघडी असावी, मुले दूर असावीत. नानखटाईचा ट्रे या कामाला वापरू नये. या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत.

एक चूक आमचीही होती. या बटणांवर गरम इस्त्री फिरवू नये, ड्रायक्लीनला देऊ नये, हे आम्ही गिऱ्हाइकांना सांगितलेच नव्हते. आता तशी चिठ्ठी कुर्त्याला लावतो.

दहा रुपयांचे बटण

त्या बटणांचा भाव आम्ही घासाघीस करून १० रुपये ठरवला होता आणि मनातून खूश होतो. तक्रारींनंतर मुलीसोबत हिशेबाला बसलो. २५० रुपयांची एक लादी, तीत २५ बटणे. म्हणजे १० रुपये तर नुसत्या क्लेचेच! "चाचा, क्ले घरातच पडून होती, म्हणून धरली नाही," ती म्हणाली. एका लादीला तीन तास लागतात. तासाला ६० रुपये धरले तरी बटणामागे सुमारे सव्वासात रुपये मजुरी. वीज, घासकागद व खराब नगांचा रुपया वेगळा. म्हणजे सुमारे सव्वाअठराचे बटण आम्ही दहाला घेतले होते. तिची मेहनत फुकट गेली आणि तो नफा आम्ही आपला समजलो.

आज तिच्या बटणाला आम्ही २२ रुपये रोख देतो. महाग वाटेल, पण तसे बटण कारखान्यात मिळत नाही आणि दुसऱ्या खेपेतले अजून एकही परत आलेले नाही.

भगिनींना एवढेच सांगणे : शौक करा, मनाला आनंद मिळतो, तेही मोठे देणे आहे. पण विकायला बसलात की घरात पडलेल्या लादीचाही हिशेब वहीत लिहा. आणि व्यापारी बंधूंनो, घासाघीस करण्यापूर्वी ती वही एकदा मागून पाहा. दुसऱ्याची मजुरी बुडवून आलेल्या पैशात बरकत नसते.