फोलिया म्हणजे फ्लॅमेंको नव्हे

धायरीत क्लासिकल गिटार शिकणाऱ्या मुलाच्या पुस्तकात कधीतरी ‘पावाना’ किंवा ‘फोलिया’ येते आणि घरात लगेच विचारलं जातं, “म्हणजे फ्लॅमेंकोच ना?” नाही. फ्लॅमेंको अंदालुसियात आकाराला आला अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. ही नृत्यं सोळाव्या शतकातली. तेव्हा ती आजच्या गिटारवर वाजतही नव्हती. दरबारी वादकाच्या हातात विहुएला असे. दिसायला गिटारसारखी, तारांच्या सहा जोड्या, पण ल्यूट या तंतुवाद्यासारखी लावलेली. लुइस मिलानच्या १५३६ च्या ‘एल माएस्त्रो’मधल्या पावाना तिच्यासाठीच आहेत. गिटार होती, पण लहानशी, चार जोड्यांची.

दुसरा गैरसमज म्हणजे हे सगळं राजवाड्यातलं सोज्वळ, संथ संगीत. पावाना संथ होती, हे खरं. पण साराबांदा? बाखची गंभीर साराबांद ऐकलेल्यांना पटणार नाही, पण १५८३ साली माद्रिदमध्ये या नाचाचं गाणं रस्त्यावर म्हणण्यावर बंदी आली. शिक्षा दोनशे फटक्यांची. शिवाय पुरुषांना सहा वर्षं गलबतावर वल्ही मारायची सक्तमजुरी, बायकांना हद्दपारी. हा नाच तिथल्या सभ्य लोकांना इतका अश्लील वाटत होता. तो मंदावला नंतर, फ्रान्समध्ये.

फोलियाचंही तेच झालं. १६११ मध्ये कोशकार कोवारुबियास लिहितो, की नाचणाऱ्यांपैकी काहीजण मुलींच्या वेशातल्या पोरांना खांद्यावर घेत, खुळखुळे वाजत, आणि वेग असा की सगळ्यांना वेड लागलंय असं वाटे. हा नाच मूळचा पोर्तुगालचा, हेही तोच सांगतो. त्याआधी १५७७ मध्ये फ्रान्सिस्को दे सालिनास यानेही फोलियाला पोर्तुगीजच म्हटलं होतं. तरी आपण ‘स्पॅनिश’चा शिक्का मारून मोकळे होतो.

मला सर्वात जास्त खटकतो तो पुढचा समज : पाश्चात्य संगीत म्हणजे कागदावर लिहिलेलं जसंच्या तसं वाजवायचं. दिएगो ऑर्तिसने १५५३ मध्ये रोममध्ये छापलेलं पुस्तक उघडावं. तो व्हिओलवादकाला शिकवतो, की खाली तेच खर्जातले स्वर पुन्हा पुन्हा चालू ठेवायचे आणि वर आपण विस्तार करायचा. तबल्याच्या सोलोला लेहरा धरतात, तसंच हे. पुढे रूढ झालेल्या फोलियाचं आवर्तन गिटारवर सहज बसतं : डी मायनर, ए, डी मायनर, सी, एफ, सी, डी मायनर, ए. तीन मात्रांचा ठेका. दुसऱ्या फेरीत शेवटी ए वरून डी मायनरवर यायचं, की आवर्तन पुरं. कोरेल्लीने १७०० मध्ये व्हायोलिनसाठी याच चौकटीवर भेदांची अख्खी माळ रचली.

आणखी एक गैरसमज आपल्या जवळचा आहे, म्हणून आता गोव्याकडे. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या छत्राखाली होते, म्हणजे साठ वर्षं गोव्यावरही स्पॅनिश घराण्याचंच राज्य होतं. त्यावरून ‘मांडो हा तेव्हाचा स्पॅनिश नाच’ असं सांगितलं जातं, ते चूक. मांडो एकोणिसाव्या शतकात सासष्टीत घडला, कोंकणीत, व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीने. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेल्या गोवेकरांनी तो स्वतः रचला. त्याचं श्रेय त्यांचंच.

गिटार शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. फोलिया बसवताना एका मुलाला फक्त ते आवर्तन धरायला लावा आणि दुसऱ्याला वर मनाचं वाजवू द्या. त्याआधी जोर्दी सावाल यांचं १९९८ चं ‘ला फोलिया’ हे ध्वनिमुद्रण दोघांनाही ऐकवा.