जुनी कंबरदुखी : मालिश, दाब की ‘कट्’ आवाज?

कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही रीत आमच्या आगाशीतही जुनीच. पण उसण बऱ्याचदा आपली आपणच उतरते, नाव होतं पायाचं! आज बोलूया तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याबद्दल. ते हाताच्या उपचाराने बरं होतं का? आणि कोणाच्या हाताने?

पहिलं, मालिश. स्नायू सैल होतात, बरं वाटतं, पण आराम बहुधा थोड्या दिवसांचा.

दुसरं, मोबिलायझेशन. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी याच्या १ ते ४ पायऱ्या ठरवल्या. फिजिओथेरपिस्ट मणक्यावर लयीत दाब देतात. खालच्या पायऱ्या दुखणं शांत करायला, वरच्या आखडलेपणासाठी.

तिसरं, मॅनिप्युलेशन, म्हणजे झटका. तो ‘कट्’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा. ‘सरकलेला मणका बसला’ असं काही त्यात नसतं. हाडं ठिसूळ असतील तर झटका नकोच.

चौथी, न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांची पद्धत. थेरपिस्ट मणक्याला आधार देऊन धरतात आणि वाकता तुम्ही. न दुखता वाकता आलं, तरच पुढे जायचं.

मग सरस कोणती? २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ४७ चाचण्यांचा आढावा आला. मणक्यावरच्या हाताच्या उपचारांनी दुखणं कमी होतं, पण व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकंच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये मालिश आणि हे उपचार मान्य केले, पण सोबत माहिती आणि व्यायामही सांगितला. कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र सरसकट नको, असं म्हटलं.

म्हणून मी म्हणतो, पद्धतीच्या नावावर जाऊ नका. हाताने आराम पडला की त्याच दिवसांत चालायला, व्यायामाला लागा. वाडीत वाकायचंय तुम्हाला, विरार लोकलमध्ये उभं राहायचंय तुम्हाला. घरी करायला काहीच न शिकवता नुसतं ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणत असतील, तर विचारा, ‘असं किती दिवस?’

आणि हे नीट ऐका. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली, तर कोणाचाही हात न लावता थेट हॉस्पिटल गाठा. ताप किंवा कारण नसताना वजन घटणं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर चालत राहा!